डहाणू-तलासरीचे लहान उद्योग आणि वाया जाणारी ऊर्जा

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाली. तेव्हापासून डहाणू तालुक्याविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, ते बहुतांशी या एका प्रकल्पाभोवतीच फिरत असते. सुमारे ७६ हजार कोटी रुपये खर्चाच्या योजनेने लोकांचे लक्ष वेधून घ्यावे, हे स्वाभाविकच आहे. बंदराचे समर्थक रोजगाराची ग्वाही देतात, तर विरोधक मासेमारी, बागायत आणि किनारपट्टी यांच्या हानीकडे बोट दाखवतात. मात्र या वादाच्या गदारोळात एक वर्ग जवळजवळ अनुल्लेखित राहिला आहे. डहाणूचे फुगे बनवणारे रबराचे कारखाने, चिंचणी-वरोर भागात घरोघरी चालणारा डायमेकिंगचा धंदा, मच्छीमारांना बर्फ पुरवणारे कारखाने, पिठाच्या आणि भाताच्या गिरण्या, बेकऱ्या, चिकूचे काप सुकवणारे घरगुती उद्योग, तलासरीच्या महामार्गालगतची गॅरेजे, ढाबे आणि वेल्डिंगची दुकाने यांचा तो वर्ग होय. बंदर पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतरही या दोन तालुक्यांतील बिगरशेती रोजगाराचा बराच भार याच वर्गाला वाहायचा आहे. या उद्योगांपुढे भांडवल, बाजारपेठ, रस्ते असे अनेक प्रश्न आहेत. परंतु ज्याची फारशी चर्चा होत नाही आणि ज्याचे उत्तर तुलनेने हाताशी आहे, असा एक प्रश्न म्हणजे त्यांच्या हातून वाया जाणारी ऊर्जा.

इंधन बाहेर, धूर घरी

ऊर्जेच्या दृष्टीने पाहिले तर डहाणू परिसराचा इतिहास मोठा बोलका आहे. ब्रिटिश अमदानीत येथील जंगलांतून इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा मुंबईकडे जात असे. ते लाकूड तोडणारा, गवत कापणारा वारली मात्र वेठबिगारीत आणि सावकाराच्या कर्जात पिचत होता. तलासरी तालुक्यातील झरी या गावी २३ मे १९४५ रोजी भरलेल्या सभेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यात गवतकापणीच्या आणि जंगलकामाच्या मजुरीचा प्रश्न केंद्रस्थानी होता. मुंबईच्या चुली ज्या सरपणावर पेटत होत्या, त्याची खरी किंमत कोण मोजत होते, हे त्या लढ्याने उघड केले.

पन्नास वर्षांनी याच कथेचा दुसरा अध्याय सुरू झाला. १९९५ मध्ये डहाणूच्या खाडीकाठी बीएसईएस कंपनीचे ५०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. हे केंद्र पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले. पण वीज मुंबईच्या उपनगरांकडेच जात राहिली. राखेची आणि धुराची चिंता डहाणूकरांच्या वाट्याला आली. चिकूच्या बागांवर परिणाम होत असल्याची बागायतदारांची तक्रार जुनी आहे. गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा बसवावी, यासाठी डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाला वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागला आणि समुद्राचे पाणी वापरणारी ती यंत्रणा २००७ मध्ये उभी राहिली. आधी लाकूड, नंतर वीज, असे इंधन येथून बाहेर जात राहिले आणि स्थानिक लहान उद्योजक मात्र महावितरणच्या चढत्या बिलाशी आणि खंडित होणाऱ्या पुरवठ्याशी झुंजत राहिला. हा विरोधाभास लक्षात घेतल्यावाचून येथील ऊर्जाबचतीचा विचार करणे म्हणजे ज्याने सर्वांत कमी खर्च केला, त्यालाच काटकसरीचा उपदेश करण्यासारखे होईल.

निर्बंधाचा दुसरा अर्थ

केंद्र सरकारच्या २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर झाला. उद्योगांचे तांबडा, नारिंगी आणि हिरवा असे वर्ग पाडून तांबड्या वर्गातील उद्योगांना येथे मज्जाव करण्यात आला, आणि उद्योगांसाठी वापरावयाच्या एकूण जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा घालण्यात आली. तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा राखण्याची तरतूदही मूळ अधिसूचनेत होती. शेजारच्या तलासरीचा संबंध येथे येतो. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिसूचनेच्या अंमलबजावणीसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी २०१९ मधील आपल्या निधनापर्यंत त्याचे अध्यक्षपद भूषवले. १९९८ मध्ये वाढवणचा पहिला बंदर प्रस्ताव याच प्राधिकरणाने नाकारला होता आणि जुलै २०२३ मध्ये नव्या प्रस्तावाला संमतीही त्यानेच दिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

या अधिसूचनेमुळे विकास खुंटला, अशी तक्रार स्थानिक व्यापारी आणि उद्योजक नेहमी करतात. तीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. सीमेपलीकडे उंबरगाव आणि वापी येथे गुजरातने औद्योगिक वसाहती उभारल्या आणि तलासरीतील अनेक तरुण कामासाठी तिकडे जातात. परंतु त्या वाटेचा शेवट कोठे होतो, हेही दूर जाऊन पाहण्याची गरज नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा वापीचा क्रमांक अंकलेश्वरच्या खालोखाल दुसरा लागला.

तेव्हा डहाणू-तलासरीपुढे अर्थशास्त्रीय प्रश्न असा आहे: जमीन मर्यादित, धूर आणि सांडपाणी यांवर निर्बंध, भांडवल तुटपुंजे, अशा स्थितीत उत्पादन आणि मजुरी वाढावी कशी? कारखान्यांची संख्या वाढवण्याची वाट अरुंद आहे. जे कारखाने आहेत त्यांतच, तेवढ्याच इंधनात अधिक माल काढणे, ही एक वाट मात्र मोकळी राहते. ऊर्जेची कार्यक्षमता हा असा विकास आहे की, ज्याला १९९१ च्या अधिसूचनेची आडकाठी नाही. किंबहुना तो त्या अधिसूचनेच्या हेतूशी पूर्णपणे सुसंगत आहे. निर्बंधाकडे केवळ अडथळा म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचा हा दुसरा अर्थ ध्यानात घेतलेला नाही.

भट्टी, मोटार आणि बर्फ

वाया जाते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेण्यासाठी मोठ्या यंत्रशास्त्राची आवश्यकता नाही. फुग्याच्या कारखान्यात साचे रबराच्या चिकात बुडवले जातात, मग ते सुकवले जातात आणि उष्णता देऊन रबर पक्के केले जाते. म्हणजे या धंद्यात रबराच्या खालोखाल महत्त्वाचा कच्चा माल उष्णता हाच होय. भट्टीच्या भिंतींना उष्णतारोधक आवरण नसेल, दारे नीट बसत नसतील, धुराड्यातून जाणारा वायू फार तापलेला असेल, तर विकत घेतलेल्या उष्णतेचा मोठा भाग मालाला न लागता बाहेर जातो. बॉयलरच्या बाबतीत तंत्रज्ञांचा ठोकताळा असा की, धुराड्यातून जाणाऱ्या वायूचे तापमान सुमारे २२ अंशांनी उतरवता आले, तर इंधनात १ टक्का बचत होते. आणि बॉयलरला जाणारे पाणी त्याच टाकाऊ उष्णतेने ६ अंशांनी आधीच तापवले, तर आणखी १ टक्का. आकडे लहान दिसतात; परंतु जेथे नफ्याचे प्रमाणच शेकडा चार-पाच असते, तेथे इंधनाच्या खर्चातील चार-पाच टक्के ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

लाकूड जाळणाऱ्या बेकरीचे उदाहरण याहून सोपे आहे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्मे पाणी असू शकते. असे एक किलो लाकूड जाळले तर सुमारे २,००० किलोकॅलरी उष्णता हाती येते. तेच लाकूड उन्हात सुकवून पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांवर आणले, तर किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. ओले लाकूड वजनावर घेणारा बेकरीवाला निम्मे पैसे पाण्याचे मोजतो आणि ते पाणी वाफ करून हवेत सोडण्यासाठी पुन्हा लाकूड जाळतो. लाकडाची एक मोकळी, छपराची कोठी आणि दोन-तीन महिन्यांचा साठा, एवढ्या साध्या व्यवस्थेने ही हानी टळू शकते. पुढचा प्रश्न लाकूड जाळावेच का, हा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. आज जे मुंबईला लागू झाले, ते उद्या मुंबईच्या लोकलने जोडलेल्या डहाणूला लागू होणार नाही, असे समजून चालणे शहाणपणाचे ठरणार नाही.

विजेच्या मोटारीचे गणित तर डोळे उघडणारे आहे. पाच अश्वशक्तीची, अनेकदा जळून पुन्हा गुंडाळलेली एक मोटार पिठाच्या गिरणीत वा कारखान्यात पूर्ण भाराने रोज दहा तास, वर्षाचे ३०० दिवस चालते असे धरू. तिची कार्यक्षमता ८० टक्क्यांवर घसरली असेल, तर ती वर्षाला सुमारे १४ हजार युनिटे खाते. ९० टक्के कार्यक्षमतेची नवी मोटार तेवढेच काम सुमारे १२,४५० युनिटांत करते. युनिटचा दर उदाहरणादाखल ९ रुपये धरला, तर वर्षाला जवळजवळ १४ हजार रुपयांचा फरक पडतो. जुन्या मोटारीचे वार्षिक बिल सव्वा लाखाच्या घरात जाते, म्हणजे मोटारीच्या किमतीच्या कितीतरी पट. तरीही मोटार घेताना मालक घासाघीस करतो ती किमतीवर. मोटार एकदाच विकत घ्यावी लागते. वीज मात्र रोज विकत घ्यावी लागते, हा साधा हिशेब दुकानदाराच्या पावतीवर लिहिलेला नसतो.

बर्फाच्या कारखान्यात हीच गोष्ट तापमानाच्या रूपाने दिसते. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे तापमान गरजेपेक्षा एक अंशाने जरी खाली ठेवले, तरी विजेचा खर्च सुमारे ३ टक्क्यांनी वाढतो. संघनकाच्या नळ्यांवर क्षारांचा थर चढला की तोच दंड दुसऱ्या बाजूने भरावा लागतो. नळ्या वेळच्या वेळी घासणे, टाकीला नीट आवरण घालणे, गळकी झाकणे बदलणे यांसाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. डायमेकिंगसारख्या बारीक कामात प्रश्न यंत्राइतकाच उजेडाचा आणि विजेच्या दाबाचा असतो. योग्य जागी लावलेला एलईडी दिवा तेथे बिल उतरवतो आणि कारागिराच्या डोळ्यांवरचा ताणही कमी करतो. चिकूच्या बाबतीत तर निसर्ग स्वतःच इंधन पुरवतो. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू पिकल्यावर फार दिवस टिकत नाही. झाकलेल्या सौर वाळवणयंत्रात सुकवलेले त्याचे काप आणि भुकटी बारमाही विकता येतात, शिवाय उघड्यावर वाळवताना बसणारी धूळ आणि माश्या टळतात.

कामगाराच्या अंगावरची उष्णता

या सर्व विवेचनात एक गोष्ट सहसा निसटते. भट्टीच्या भिंतीतून बाहेर पडलेली उष्णता हवेत विरून जाण्यापूर्वी कोणाच्या तरी अंगावर पडते. ती पडते भट्टीसमोर आठ-दहा तास उभ्या असलेल्या कामगाराच्या अंगावर, आणि या दोन तालुक्यांत तो कामगार बहुधा आदिवासी असतो. एप्रिल-मेच्या दमट हवेत, पत्र्याच्या छपराखाली, आवरण नसलेल्या भट्टीशेजारी काम करणाऱ्याची दमणूक कोणत्याही हिशेबवहीत नोंदली जात नाही. तो थकतो, त्याचा हात चुकतो, माल बिघडतो, तो खाडे करतो. मालक म्हणतो, येथील मजूर टिकत नाही.

म्हणून ऊर्जेची बचत हा केवळ बिलाचा प्रश्न नाही. मालकाच्या इंधनाची गळती आणि मजुराच्या श्रमाची झीज ही पुष्कळदा एकाच भिंतीतून होत असते. भट्टीला आवरण घातले, धुराडे नीट काढले, छपराला हवा खेळायला जागा ठेवली, तर दोन्ही हानी एकदम थांबतात. मालक आणि मजूर यांचे हितसंबंध परस्परविरोधी असतात, हे अर्थशास्त्रात अनेकदा खरे ठरते. परंतु येथे मात्र ते एकत्र येतात. ज्या भूमीने मजुरीसाठी १९४५ चा लढा दिला, तेथे या गोष्टीचे महत्त्व विशेष आहे. अर्थात बचतीतून आलेला पैसा संपूर्णपणे मालकाच्याच खिशात राहिला, तर हे ऐक्य कागदावरच राहील. त्यातील वाटा मजुरीत आणि कामाच्या जागेच्या सुधारणेत उतरला पाहिजे.

मग बचत होत का नाही?

इतका उघड फायदा असूनही लहान उद्योजक बचतीकडे वळत नाहीत, याचे खापर त्यांच्या अज्ञानावर फोडण्याची प्रथा आहे. ती अन्यायकारक आहे. पहिले कारण भांडवलाचे. वर्षाला १४ हजार वाचवणारी मोटार घेण्यासाठी आज रोख रक्कम लागते, आणि ज्याचे खेळते भांडवल व्यापाऱ्याच्या उधारीत अडकलेले असते, त्याला पुढील वर्षाची बचत आजच्या पगारापेक्षा महत्त्वाची वाटू शकत नाही. दुसरे कारण भाड्याच्या गाळ्याचे. छप्पर, वायरिंग आणि भिंती जागामालकाच्या असतात, बिल मात्र भाडेकरू भरतो. ज्याने खर्च करावा त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ व्हावा त्याला अधिकार नाही. तिसरे कारण मोजमापाच्या अभावाचे. संपूर्ण कारखान्याला एकच मीटर असतो. महिन्याच्या शेवटी येणारा एक आकडा पाहून वीज भट्टीने खाल्ली, पंपाने खाल्ली की गळक्या कॉम्प्रेसरने, हे कोण सांगणार?

चौथे कारण शासकीय धोरणाच्या रचनेचे आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, पुढील वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर ताऱ्यांची लेबले दिसू लागली. हे सर्व स्तुत्य आहे. जुलै २०२५ मध्ये लहान-मध्यम उद्योगांच्या ऊर्जाबचतीच्या कर्जावर व्याजसवलत देणारी एक हजार कोटी रुपयांची केंद्रीय योजनाही सुरू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के तर मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट तीत आहे. परंतु अशा योजना मोठ्या औद्योगिक समूहांना डोळ्यांसमोर ठेवून आखल्या जातात. लेखापरीक्षण, प्रकल्प अहवाल, बँकेची छाननी ही वाट चालण्याचा खर्च तालुक्याच्या गावातील आठ-दहा कामगारांच्या कारखान्याला त्या सवलतीपेक्षाही जड वाटावा, यात नवल नाही.

जेव्हन्सचा आक्षेप

येथे एका जुन्या आक्षेपाचा विचार केला पाहिजे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने १८६५ मध्ये लिहिलेल्या ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात असे दाखवले की, वाफेची यंत्रे अधिक कार्यक्षम झाल्याने कोळशाचा एकूण खप घटला नाही, उलट वाढला. कारण स्वस्त झालेल्या शक्तीचा उपयोग अधिक ठिकाणी होऊ लागला. मग डहाणूतही कार्यक्षम भट्टी आल्याने अधिक भट्ट्याच पेटतील, असे कोणी म्हणू शकेल. हा आक्षेप गंभीर आहे, पण तो येथे पूर्णपणे लागू पडत नाही. जेव्हन्सच्या इंग्लंडात विस्ताराला मर्यादा नव्हती. डहाणूत ती कायद्याने घातलेली आहे. किंबहुना जेव्हन्सचा धडा असा की, कार्यक्षमता आणि निर्बंध यांची फारकत करता कामा नये. केवळ निर्बंध असतील तर गरिबी टिकते, केवळ कार्यक्षमता असेल तर धूर वाढतो. म्हणून बचतीच्या नावाखाली अधिसूचना सैल करण्याची मागणी पुढे आली, तर ती स्वीकारता येणार नाही.

काय करता येईल?

शेतीच्या क्षेत्रात एक अनुभव या तालुक्याच्या गाठीशी आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळेत न येणाऱ्या मुलांपर्यंत शाळा नेली. त्याच कोसबाडला गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषि विज्ञान केंद्र शेतकऱ्याच्या बांधापर्यंत ज्ञान नेण्याचे काम करते. लहान कारखानदारासाठी असे केंद्र का असू नये? औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक आणि विद्यार्थी, महाविद्यालयातील विज्ञान आणि वाणिज्य शाखांचे विद्यार्थी यांना मोजमापाची साधने देऊन वर्षातून एकदा प्रत्येक कारखान्यात पाठवले, तर धुराड्याचे तापमान, मोटारीचा भार, हवेची गळती यांची नोंद अल्प खर्चात होऊ शकेल. विद्यार्थ्याला जिवंत प्रात्यक्षिक मिळेल आणि मालकाला आपला पैसा कोठे गळतो ते कळेल.

दुसरे पाऊल सहकाराचे आहे. दहा-वीस कारखान्यांनी मिळून मोटारी, उष्णतारोधक आवरणे, सौर वाळवणयंत्रे एकत्र खरेदी केली, तर किंमत उतरते आणि बँकेलाही दहा-वीस लहान कर्जांऐवजी एका संस्थेशी व्यवहार करावा लागतो. नागरी बँका आणि पतसंस्था यांनी अशा कर्जाचा हप्ता वीजबिलातील बचतीएवढा बेतला, तर मालकाच्या रोजच्या गल्ल्याला धक्का न लावता परतफेड होऊ शकेल. तिसरे पाऊल महावितरणचे. पुरवठा नियमित आणि दाब स्थिर नसेल, तर नव्या मोटारीही जळतील आणि पुन्हा गुंडाळल्या जातील. ग्राहकाकडून काटकसरीची अपेक्षा करणाऱ्या यंत्रणेने आपल्या बाजूचे कर्तव्य आधी पार पाडले पाहिजे. चौथे, जागामालक आणि भाडेकरू यांच्या करारात सुधारणेच्या खर्चाची वाटणी कशी व्हावी, याचा एक साधा नमुना व्यापारी संघटनांनी तयार करावा.

या सूचनांत भव्य असे काही नाही. कोनशिला बसवण्याजोगे तर काहीच नाही, आणि म्हणूनच कदाचित त्यांच्याकडे लक्ष जात नाही. बंदराचे भवितव्य काहीही असो, त्याच्या उभारणीचा काळ दीर्घ आहे. तोवर डहाणूच्या भट्ट्या रोज पेटणार आहेत, तलासरीच्या गिरण्या रोज फिरणार आहेत आणि त्यांच्यासमोर माणसे रोज उभी राहणार आहेत. आधी सरपण, मग वीज असे पाऊण शतकाहून अधिक काळ बाहेर देत आलेल्या या प्रदेशाने निदान स्वतः विकत घेतलेल्या इंधनाचा पुरता उपयोग स्वतःसाठी करून घ्यावा, आणि त्यासाठी लागणारे साहाय्य शासनाने, बँकांनी आणि शिक्षणसंस्थांनी द्यावे, ही मागणी मुळीच अवास्तव नाही.